सत्ता घरात आली तेव्हा

शेलीचा 'ओझिमँडियस' ११ जानेवारी १८१८ रोजी लंडनच्या 'एक्झॅमिनर' साप्ताहिकात छापून आला. ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' १८४२ साली 'ड्रॅमॅटिक लिरिक्स' या बारक्याशा पुस्तकात आली. मध्ये चोवीस वर्षं. इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. केलेल्या आपल्याकडच्या बहुतेकांनी या दोन्ही कविता कधी ना कधी वाचलेल्या असतात, पण वेगवेगळ्या पेपरांसाठी. एक रोमँटिक काळाच्या पेपरात, दुसरी व्हिक्टोरियन काळाच्या. त्यामुळे दोघी शेजारी शेजारी ठेवून वाचायची वेळ सहसा येत नाही. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि गेली बरीच वर्षं या दोन कविता मुद्दाम लागोपाठच्या तासांना घेते. दर वेळी मला वाटतं की ओझिमँडियस काही मेलेला नाही. वाळवंटात त्याचा पुतळा फुटला, पण चोवीस वर्षांनी तो इटलीतल्या फेराराच्या राजवाड्यात, वरच्या मजल्यावर, आलेल्या पाहुण्याला आपल्या बायकोचं चित्र दाखवत उभा आहे.

दोन्ही कवितांत एक राज्यकर्ता आहे, एक कलावंत आहे आणि त्या कलावंताने घडवलेली एक वस्तू आहे. शेलीच्या सुनीतात धड नसलेले दोन दगडी पाय उभे आहेत आणि शेजारी वाळूत अर्धा गाडलेला चेहरा. कपाळाला आठी, ओठ मुडपलेले, हुकूम सोडायची सवय झालेल्या माणसाची ती थंड तुच्छता. मूर्तिकाराने ती नेमकी ओळखली आणि दगडात पकडली. राजाला वाटलं असेल, आपला दरारा कोरला जातोय. कोरला जात होता तो त्याचा स्वभाव. चौथऱ्यावर शब्द आहेत: मी राजांचा राजा ओझिमँडियस, माझी करणी पाहा आणि, बलवंतांनो, आशा सोडा. भोवती नजर जाईल तिथवर नुसती सपाट वाळू. आणि हे शब्दही राजाच्या तोंडून आपल्यापर्यंत येत नाहीत. ते दगडावर होते, एका प्रवाशाने वाचले, प्रवाशाने कवीला सांगितले, कवीने आपल्याला. इतके हात बदलून येता येता त्या आवाजातली जरब पार विरून जाते. चौदा ओळींत सम्राटाची अशी जिरवलेली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

शेलीने हे लिहिलं ते होरेस स्मिथ या मित्राशी पैज लावल्यासारखं, एकाच विषयावर दोघांनी सुनीत लिहायचं म्हणून. ओझिमँडियस म्हणजे इजिप्तचा प्राचीन राजा दुसरा रामसेस. त्याच्या एका प्रचंड पुतळ्याचा वरचा भाग बेल्झोनी नावाच्या इटालियनाने १८१६ साली थीब्जमधून हलवला होता, पण तो लंडनला पोचला कविता छापून झाल्यावर. त्या कवितेची तारीख मराठी वाचकाने मात्र जरा थांबून पाहावी अशी आहे. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं होतं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळत होता आणि नेमक्या त्याच आठवड्यांत लंडनमध्ये पंचवीस वर्षांचा एक कवी, साम्राज्यं वाळूत जातात, असं छापत होता. शेलीच्या मनात पुणं असण्याचं काही कारण नव्हतं. पण त्याचा जिवलग मित्र टॉमस लव्ह पीकॉक पुढच्याच वर्षी, १८१९ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला लागला. होरेस स्मिथने तर आपल्या सुनीतात एक दिवस लंडनच ओसाड पडलेलं कल्पिलं आहे. कवी म्हणून तो शेलीच्या पासंगाला पुरत नाही, पण ती ओळ सुचायला धैर्य लागतं.

रोमँटिक कवींचं सत्तेशी असलेलं भांडण हे असं उघड्यावरचं भांडण आहे. सत्ता म्हणजे राजा, पाद्री, न्यायाधीश, घोडेस्वार. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मताधिकार मागायला साठेक हजार माणसं जमली होती. त्यांच्यावर घोडेस्वार घालण्यात आले; माणसं मेली, शेकड्यांनी जखमी झाली. शेली तेव्हा इटलीत होता. बातमी कळल्यावर त्याने 'द मास्क ऑफ अॅनार्की' लिहिली. ती छापण्याची हिंमत प्रकाशकाला १८३२ पर्यंत झाली नाही. तिच्यात खून येतो तो कॅसलरे या मंत्र्याचा मुखवटा घालून, आणि लबाडी येते ती लॉर्ड चॅन्सेलर एल्डनचा झगा घालून. एल्डन रडतो, त्याचे अश्रू जमिनीवर पडता पडता जात्याच्या तळ्या होतात आणि अश्रूंना हिरे समजून खेळायला धावलेल्या मुलांची डोकी ठेचतात. मुलं इथे का आली, हे शेलीचं चरित्र वाचल्याशिवाय कळत नाही. १८१७ साली याच एल्डनच्या कोर्टाने शेलीला त्याच्या पहिल्या बायकोपासून झालेल्या दोन मुलांचा ताबा नाकारला होता.

त्या पहिल्या बायकोकडे मला यायचंच आहे. पण आधी प्रेमाकडे.

सत्ता बाहेर असली की प्रेम आपोआप तिच्याविरुद्धचं बळ होतं. रोमँटिक कवितेत प्रेम आणि निसर्ग एका बाजूला असतात, कायदा आणि चर्च दुसऱ्या. शेलीची 'लव्हज फिलॉसॉफी' १८१९ चीच. झरे नदीला मिळतात, नद्या समुद्राला, वारे एकमेकांत मिसळतात, डोंगर आभाळाचं चुंबन घेतात, चांदणं समुद्राचं. आठ आठ ओळींची दोन कडवी, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकेक आखूड प्रश्न: मग मी तुझ्यात का नाही? आणि तू मला चुंबन देत नसशील तर या सगळ्याची किंमत काय? कविता विलक्षण गोड आहे. मुलांना तोंडपाठ होते. पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं की हा युक्तिवाद आहे, आणि त्यात सगळी सृष्टी साक्षीदार म्हणून एका बाजूने उभी केली आहे. नदी, वारा, डोंगर, फूल, सूर्य, सगळे त्याच्या बाजूचे. पलीकडे एकटी ती, जी हो म्हणत नाहीये. तिने नकार का दिला, दिला की नुसती गप्प बसली, हे आपल्याला कळत नाही. एवढंच कळतं की तिने नाही म्हटलं तर ते सृष्टीच्या नियमाविरुद्ध होईल. प्रियकराने घातलेली ही गळ आहे की टाकलेला दबाव, हे वर्गात विचारलं की मुलं आणि मुली वेगवेगळी उत्तरं देतात.

हॅरिएट वेस्टब्रुक सोळा वर्षांची असताना १८११ साली शेलीबरोबर पळून गेली. बोर्डिंग शाळेच्या आणि बापाच्या जाचातून एका मुलीला सोडवलं, असंच त्याला वाटत होतं. १८१४ साली तो मेरी गॉडविनबरोबर निघून गेला तेव्हा हॅरिएटला दिवस गेले होते. डिसेंबर १८१६ मध्ये हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तळ्यात तिचं प्रेत सापडलं, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला शेली आणि मेरीचं लग्न झालं. मी शेलीला यासाठी दोषी धरायला बसलेली नाही. तो जे लिहीत होता त्यावर त्याचा पुरा विश्वास होता: प्रेम मोकळं असावं, बंधन आलं की ते मरतं. पण मोकळेपणाची किंमत दोघांना सारखी पडत नाही. निघून जाता येणं ही सुद्धा एक ताकद आहे आणि ती हॅरिएटकडे नव्हती. राजाच्या चेहऱ्यावरची तुच्छता इतक्या लांबून वाचणाऱ्या कवीला ही ताकद दिसली नाही, कारण ती प्रेमाच्या आत होती, आणि प्रेम तर त्याच्या मते सत्तेच्या विरुद्ध पक्षात होतं.

काहींना दिसली. बायरनच्या 'डॉन वॉन'च्या पहिल्या सर्गात मठात पाठवली गेलेली हुलिया आपल्या प्रियकराला पत्र लिहिते. पुरुषाचं प्रेम हा त्याच्या आयुष्यातला एक कप्पा असतो, बाईचं मात्र ते सबंध आयुष्य, असं त्यात आहे. ही ओळ लोक सुभाषितासारखी वापरतात आणि पुढचं सोडून देतात. पुढे हुलिया यादी देते: पुरुषाला दरबार आहे, छावणी आहे, चर्च आहे, जहाज आहे, बाजार आहे, एक दुखावलं तर मन रमवायला दुसरं आहे. म्हणजे बाईचं मन निराळं घडवलेलं आहे असं ती म्हणत नाही. तिला जायला दुसरी जागा ठेवलेली नाही, असं म्हणते. कीट्सच्या 'ला बेल दाम सां मेर्सी'त सत्ता उलटी फिरलेली दिसते, सरदार फिकट होऊन टेकडीवर भटकतोय आणि त्या बाईने अनेक राजांना गुलाम केल्याचं त्याला स्वप्नात कळतं. मात्र तिला फुलांच्या माळा नि कंकणं घालणारा तोच, घोड्यावर बसवणारा तोच, आणि तिची कैफियत कवितेत कुठेच नाही. सगळ्यांच्या आधी, १७९४ सालीच, ब्लेकने 'लंडन'मध्ये राजवाडा, चर्च आणि शयनघर एका श्वासात घेतलं होतं. शेवटच्या कडव्यात रस्त्यावरच्या कोवळ्या वेश्येचा शाप ऐकू येतो आणि लग्नाची वरात तिरडीला जोडली जाते. ब्लेक सगळ्यांच्या पुढेच होता, पण त्याच्या हयातीत त्याला वाचलं फारच थोड्यांनी.

मग ब्राउनिंग येतो आणि दार लावून घेतो.

हे मी अक्षरशः म्हणते आहे. त्याची 'पॉर्फिरियाज लव्हर' १८३६ साली पहिल्यांदा छापली गेली, व्हिक्टोरिया गादीवर यायच्या आधी वर्षभर. सुरुवातीला बाहेर वादळ आहे: वारा चिडून झाडांचे शेंडे मोडतोय, तळं ढवळतोय. हा वारा अजून रोमँटिक कवितेतलाच आहे. पॉर्फिरिया त्यातून भिजत येते आणि पहिलं काम काय करते, तर थंडी आणि वादळ बाहेर ठेवून दार बंद करते. गुडघे टेकून शेगडी पेटवते, ओला झगा, हातमोजे, टोपी काढते, त्याच्याजवळ बसते, त्याचा हात आपल्या कमरेभोवती ठेवते. सगळ्या क्रिया तिच्या. तो बोलतही नाही. ती वरच्या घरातली आहे, मेजवानी सोडून आली आहे, पण घरादाराची बंधनं तोडायला धजत नाही. ती आपल्यावर खरंच प्रेम करते हे त्या क्षणी त्याच्या लक्षात येतं, तो क्षण कायमचा आपला करायचं तो ठरवतो, आणि तिच्याच पिवळ्या केसांचा दोर तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळतो. इथून पुढे क्रिया सगळ्या त्याच्या. मघाशी त्याचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. आता तिचं त्याच्या खांद्यावर. वादळ बाहेर राहिलं आणि घात झाला तो उबदार खोलीत, प्रेमाचं नाव घेऊन. त्यात एक वाक्य आहे: तिला काही दुखलं नाही, माझी खात्री आहे, तिला काहीच दुखलं नाही. हे तो दोनदा म्हणतो. वर्गात मी ते दोनदाच वाचते.

१८४२ साली ब्राउनिंगने ही कविता दुसऱ्या एका कवितेबरोबर 'वेड्यांच्या कोठड्या' अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापली होती. पुढे त्याने तो मथळा काढून टाकला. बरं झालं. मथळा असता तर आपण त्या माणसाला वेडा म्हणून मोकळे झालो असतो. फेराराच्या ड्यूकला तर कुणीच वेडा म्हणणार नाही. तो सभ्य आहे, रसिक आहे, पाहुण्याला बसायला सांगतो, जिना उतरताना बरोबरीने चालायला सांगतो. आलेला माणूस एका सरदाराकडून सोयरीक घेऊन आला आहे. खाली मंडळी जमली आहेत, देण्याघेण्याची बोलणी व्हायची आहेत, आणि त्याआधी ड्यूक त्याला भिंतीवरचा पडदा सारून पहिल्या बायकोचं चित्र दाखवतो. पडदा सारायचा अधिकार माझ्याशिवाय कुणाला नाही, हे तो आवर्जून सांगतो.

तिचा गुन्हा काय? ती लवकर खूश व्हायची. बागेतल्या कुणा भाबड्याने चेरीची फांदी तोडून आणून दिली तरी, पश्चिमेला सूर्य मावळला तरी, पांढऱ्या खेचरावर बसून गच्चीवर फेरी मारली तरी, तिच्या गालांवर तोच आनंद यायचा जो नवऱ्याने दिलेल्या वस्तूने यायचा. मी हिला नऊशे वर्षांचं नाव दिलं आणि ही त्याला कुणाच्याही भेटीच्या रांगेत बसवते, ही ड्यूकची तक्रार. मग सांगायचं होतंस तिला, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर तयार आहे: सांगणं म्हणजे खाली वाकणं, आणि मी वाकत नाही. मी हुकूम दिले, मग सगळी हसू एकदम थांबली. पुढच्याच श्वासात तो हुंड्याचं बोलतो, आणि जाता जाता समुद्री घोड्याला वठणीवर आणणाऱ्या नेपच्यूनची ब्राँझची मूर्ती दाखवतो.

ओझिमँडियसच्या चेहऱ्यावरची तुच्छता मूर्तिकाराला दिसली होती; इथे चित्रकार ड्यूकच्या सांगण्यावरून आला, दिवसभर राबला आणि गेला. तिथे राजाचे शब्द अनेक तोंडांतून झिजत आपल्यापर्यंत येतात, इथे छप्पन्न ओळी एकटा ड्यूक बोलतो आणि आपण त्या पाहुण्याच्या जागी, तोंड मिटून उभे असतो. कविता यमक जुळवलेल्या द्विपदींची आहे, पण वाक्यं ओळीपाशी थांबतच नाहीत, त्यामुळे ऐकताना यमक कानाला लागत नाही. साध्या गप्पा वाटतात. त्या गप्पांच्या आत एक काटेकोर बांधलेली चौकट आहे हे कागदावर पाहिल्यावर कळतं. ड्यूकची सत्ताही तशीच आहे. हे जमवायला ब्राउनिंगला केवढी मेहनत पडली असेल! त्या हुकमांचा अर्थ काय, असं पुढे त्याला विचारलं गेलं. तो म्हणाला, तिला मारण्याचे होते. आणि मग थांबून म्हणाला, किंवा कदाचित मठात टाकण्याचे. हुलियाही मठातच गेली होती.

या ड्यूकमागे खरा माणूस आहे असं मानतात: फेराराचा दुसरा अल्फोन्सो देस्ते. लुक्रेझिया दे मेदिची तेरा वर्षांची असताना, १५५८ साली, त्याच्याशी तिचं लग्न झालं. १५६१ मध्ये ती सोळाव्या वर्षी वारली. विषप्रयोगाची कुजबूज झाली, पण अभ्यासकांचा कल क्षयाकडे आहे. नंतर अल्फोन्सोने आणखी दोन लग्नं केली. मूल एकीलाही झालं नाही. १५९७ साली तो वारला आणि औरस वारस नाही म्हणून पुढच्याच वर्षी फेरारा पोपच्या राज्यात गेलं. ते नऊशे वर्षांचं नाव फेरारावरून असं पुसलं गेलं. ब्राउनिंगने हे कवितेत सांगितलेलं नाही, आणि ते मला पटतं. वाळवंट येणारच आहे असं सांगितलं की वाचकाला बरं वाटतं. पण त्या सोळा वर्षांच्या मुलीला त्याचा काय उपयोग होता?

एकदा तास संपताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो आलेला माणूस परत गेल्यावर त्या मुलीच्या वडिलांना काय सांगत असेल?" वर्गात शांतता पसरली नाही, उलट गलका झाला. कुणी म्हणालं, घाबरून सगळं सांगेल. कुणी म्हणालं, त्याचं काय जातंय, तो बोलणी करायला आलाय. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी, जिचं लग्न परीक्षेनंतर ठरलं होतं, ती म्हणाली, "सांगेल की. सांगेल, माणूस शिकलेला आहे, घर मोठं आहे, जुन्या वस्तूंची आवड आहे." कवितेवर मी वाचलेली टीका बरीच आहे. इतकं नेमकं त्यात कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

ब्राउनिंग इटलीचं सोळावं शतक लिहीत होता, पण छापत होता तो इंग्लंडात, जिथे लग्न झालं की बाईचं कायद्यापुढचं वेगळं अस्तित्व नवऱ्यात विरघळून जायचं. तिची कमाई १८७० पर्यंत त्याची, तिची मालमत्ता १८८२ पर्यंत त्याची. गादीवर राणी होती आणि घराघरांत हा कायदा होता. तोच कायदा बोटीत बसून मुंबईलाही आला होता. १८८४ साली दादाजी भिकाजीने रखमाबाईवर दावा लावला, की लहानपणी लग्न झालेली माझी बायको नांदायला येत नाही. वैवाहिक हक्क वसूल करून मागण्याचा हा दावा मुळात इंग्रजी कायद्यातला, हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, असं न्यायमूर्ती पिन्हींनी १८८५ च्या निकालात म्हटलं आणि रखमाबाईच्या बाजूने कौल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. खुद्द इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगात टाकणं १८८४ सालीच बंद केलं होतं. रखमाबाईने तुरुंग चालेल असं सांगितलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आली. ड्यूकची कविता शिकवताना मी रखमाबाई सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. अभ्यासक्रमात ती नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच राणीच्या राज्यातल्या आहेत.

आणि त्याच राज्यात बायका लिहीत होत्या. ब्राउनिंगनेच १० जानेवारी १८४५ रोजी एका अनोळखी कवयित्रीला पत्र लिहिलं, तुमच्या कविता मला मनापासून आवडतात म्हणून. एलिझाबेथ बॅरेट तेव्हा अडतीस वर्षांची, आजारी, लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात जवळजवळ बंदिस्त. आपल्या एकाही मुलाने लग्न करू नये, असा बापाचा हट्ट. १२ सप्टेंबर १८४६ रोजी दोघांनी गुपचूप लग्न केलं, ती घरी परतली, आठवड्याने इटलीला निघून गेली. बापाने तिचं नंतरचं एकही पत्र फोडलं नाही. तिच्या १८५० च्या सुनीतांत प्रेम करणारी बाई आहे आणि बोलणारीही तीच आहे. त्यातलं 'किती प्रकारे' मोजणारं सुनीत सगळ्यांना माहीत असतं. मला चौदावं जास्त मोलाचं वाटतं. माझ्या हसण्यावर प्रेम करू नकोस, दिसण्यावर नको, गोड बोलण्यावर नको, कारण या गोष्टी बदलतात किंवा तुला बदललेल्या वाटतील. माझे डोळे पुसण्याच्या दयेपोटीही नको. ड्यूकच्या डचेसचं काय झालं हे वाचलेल्या बाईने घातलेली ही अट आहे.

पण तिची सर्वांत धाडसी कविता वेगळीच आहे. बॅरेट घराण्याची श्रीमंती जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या घामातून आलेली. ते तिला ठाऊक होतं आणि टोचत होतं. 'द रनअवे स्लेव्ह अॅट पिलग्रिम्स पॉइंट' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी वार्षिकात १८४८ साठी छापली गेली. बोलणारी पळून आलेली काळी गुलाम स्त्री आहे. तिचं एका गुलामावर प्रेम होतं. त्याला ओढून नेलं. गोऱ्यांनी तिच्यावर बलात्कार केला, मूल झालं, आणि त्या मुलाचा रंग गोरा. बाळाच्या नजरेत तिला मालकाची नजर दिसते, चाबकासारखी. ती त्याचा चेहरा फडक्याने घट्ट झाकते. ब्राउनिंगचा खुनी आणि ही आई, दोघंही एकटे बोलतात, दोघांच्याही हातून जीव गेला आहे. पण त्याने मालकी कायम करायला मारलं, आणि हिने मालकी संपवायला. त्या आईला प्रेम आणि सत्ता वेगवेगळी राहूच दिली गेली नाहीत. इंग्रजी कवितेत या विषयावर याहून खोल कुणी गेलं असेल असं मला वाटत नाही, आणि ती कविता 'डचेस'इतकी सर्रास शिकवली जात नाही याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

शेलीचा मित्र पीकॉक मघाशी आला होता. त्याची मुलगी मेरी एलन हिचं लग्न कवी जॉर्ज मेरेडिथशी झालं. तिने त्याला सोडलं आणि हेन्री वॉलिस या चित्रकाराबरोबर गेली. १८६१ साली ती वारली, १८६२ साली मेरेडिथची 'मॉडर्न लव्ह' आली: पन्नास कवितांत एक लग्न मरताना. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर नवराबायको इतकं छान वागतात की सगळ्यांना हेवा वाटतो. खलनायक लागतच नाही, असं तो स्वतःच म्हणतो. शेलीच्या मित्राच्या घरातूनच प्रेमाबद्दलचं असं लिखाण यावं, याची मला फार गंमत नाही, कळ वाटते.

क्रिस्टिना रोझेटीने १८५६ च्या डिसेंबरात 'इन अॅन आर्टिस्ट्स स्टुडिओ' लिहिली. चित्रकाराच्या सगळ्या कॅनव्हासांवरून एकच चेहरा बाहेर बघतो. कधी राणी, कधी अनाम मुलगी, कधी संत, कधी देवदूत. तो त्या चेहऱ्यावर रात्रंदिवस जगतो. ती जशी आहे तशी नाही, त्याच्या स्वप्नाला हवी तशी. हा चित्रकार तिचा भाऊ दान्ते गेब्रिएल आणि चेहरा लिझी सिडलचा, असं मानलं जातं. लिझी १८६२ मध्ये अफूच्या अर्काने गेली. भावाने आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली, आणि १८६९ साली कबर उघडून ती परत काढवली, छापायला. पडद्यावर ताबा ठेवणाऱ्या ड्यूकपेक्षा हा माणूस कितीतरी हळवा, खरोखर रडलेला. तरीही. क्रिस्टिनाची कविता छापून आली १८९६ मध्ये, ती गेल्यानंतर.

१८६२ च्या 'गॉब्लिन मार्केट' संग्रहात तिची आणखी एक लहान कविता आहे, 'नो, थँक यू, जॉन'. चार चार ओळींची आठ कडवी. मी तुझ्यावर प्रेम करते असं कधी म्हटलं नव्हतं, जॉन, मग रोज रोज का छळतोस? मला हृदय नाही म्हणतोस, नसेल. मग जे माझ्याकडे नाही ते दिलं नाही म्हणून रागावतोस कशाला? शपथ घेतलीच नव्हती तर मी खोटी कशी? ये, हात मिळवू, मित्र होऊ. प्रेम मात्र नको, आभारी आहे, जॉन. नदी नाही, वारा नाही, साक्षीला डोंगर नाही. 'लव्हज फिलॉसॉफी'तल्या दोन प्रश्नांना त्रेचाळीस वर्षांनी एका बाईने दिलेलं हे उत्तर आहे असं मी धरून चालते. क्रिस्टिनाने तसं ठरवून लिहिलं असो वा नसो. कविता आमच्या अभ्यासक्रमात नाही. मी तिच्या झेरॉक्स काढून नेते आणि शेलीनंतरच्या तासाला वाटते. वाचायला बहुतेक वेळा मुली उठतात. मी जॉनच्या बाजूने काय म्हणता येईल ते मुलांना लिहून आणायला सांगते, आणि जे लिहून आणतात ते पुष्कळदा दोन ओळींत संपतं: तिने सांगितलं ना.